कळा सोसायला लावणं ही खबरदारी नव्हे

"मॉर्फिनसारखी औषधं पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतच असू द्यावीत. तालुक्याच्या गावी ती नकोत, रुग्णाच्या घरात तर नकोतच. आणि एक गोळी बारा तास पुरते अशी जी संथ सुटणारी औषधं आहेत, त्यांचं नावही काढू नये." हे मत डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येतं, औषधविक्रेत्यांच्या तोंडून येतं, घरातल्या शिकलेल्या नातेवाइकांच्या तोंडूनही येतं. त्यामागे चार कारणं दिली जातात. या गोळ्यांनी अमेरिकेची काय दशा केली ते पाहा. रुग्णाला व्यसन लागेल. खेड्यातल्या माणसांना असली औषधं सांभाळता येणार नाहीत. आणि कायदा इतका कडक असताना या भानगडीत पडावं कोणी?

हे म्हणणारी माणसं दुष्ट नाहीत. बहुतेकांना रुग्णाचं भलंच हवं असतं. तरीही त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण या मताची किंमत त्यांना मोजावी लागत नाही. ती मोजतो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतला कर्करोगाचा रुग्ण, रात्रभर तळमळत. ही औषधं धोक्याची आहेत हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ती कशी वापरायची हे शिकवणारी, ती पुरवणारी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था तालुक्यातच हवी, असं माझं म्हणणं आहे. औषध न देण्यालाच सुरक्षितता मानलं, की ती व्यवस्था उभी करण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

आधी अंतराचा विचार करू. जुन्नर पुण्यापासून नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर. आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण घोडेगाव; त्याच्या पश्चिमेला डिंभे धरणाचा जलाशय आणि पुढे भीमाशंकरचे डोंगर. तिथल्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांतून मंचरच्या रुग्णालयात येऊन परत जायचं म्हणजे दिवस मोडतो. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं उपशामक उपचारांचं केंद्र १९९७पासून मोफत चालतं, मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल आहे. पण ज्याला उठून बसवत नाही, त्याला दर काही दिवसांनी गोळ्यांसाठी तिथवर कसं न्यायचं? "पुण्याला जा" हा सल्ला अशा घरासाठी नकारच असतो.

तिकडे जाणं जमलं नाही की घरात काय घडतं? डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जातं, मग पुन्हा दिलं जातं. साध्या वेदनाशामकांना एक मर्यादा असते. त्यापुढे मात्रा वाढवली तरी कळ कमी होत नाही; पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं खराब होतात, एवढंच. हाडात पसरलेल्या किंवा जबडा पोखरलेल्या कर्करोगाच्या वेदनेपुढे ती औषधं अपुरी पडतात. मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या पहिल्या यादीत १९७७पासून आहे आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. त्याला आजवर पूर्ण पर्याय सापडलेला नाही.

आता पहिला मुद्दा, अमेरिकेचा. तो खरा आहे आणि गंभीर आहे. तिथे १९९९ ते २०२१ या काळात मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांच्या आणि त्याच वर्गातल्या अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं सहा लाखांहून अधिक माणसं मेली. त्या संकटाची सुरुवात संथ सुटणाऱ्या गोळीपासूनच झाली. पर्ड्यू फार्मा कंपनीनं १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणली. औषध हळूहळू सुटत असल्यामुळे गैरवापराची शक्यता कमी होते असं मानलं जातं, अशा अर्थाचा मजकूर तिच्या माहितीपत्रकात होता. त्याच्या जोरावर कंपनीच्या प्रतिनिधींनी ती पाठदुखीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याला लिहायला लावली. गोळी कुटली की बारा तासांचा साठा एकदम मोकळा होतो, हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं. खोट्या प्रचाराचा गुन्हा कंपनीनं २००७मध्ये कबूल केला, २०२०मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले.

या इतिहासातून काय शिकायचं? पहिला धडा, हे औषध ज्यांना द्यायला नको होतं त्यांना दिलं गेलं. दुसरा, ते किती सुरक्षित आहे हे विकणाऱ्यानं ठरवलं. तिसरा, चिठ्ठी लिहिल्यावर रुग्णाचं पुढे काय झालं हे कोणी पाहिलं नाही. अमेरिकेनंही यानंतर कर्करोगाच्या रुग्णाचं मॉर्फिन बंद केलं नाही. तिथल्या औषध प्रशासनानं २०१२मध्ये दीर्घ परिणामाच्या औषधांसाठी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची योजना कंपन्यांवर बंधनकारक केली. रोगनियंत्रण केंद्रानं २०१६मध्ये बजावलं, की जुनाट दुखण्यात हा उपचार करायचाच असेल तर सुरुवात साध्या गोळीनं करा, संथ गोळीनं नको. हे धडे जुन्नरला हवेतच. पण आपला आजार उलटा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या वेदना आणि उपशामक उपचारांवरच्या आयोगानं २०१७मध्ये हिशेब मांडला, तेव्हा भारतातली गरज जेमतेम चार टक्के भागत होती. अमेरिकेत गरजेच्या तीसपट औषध जात होतं. अतिरेकानं झालेल्या अनर्थाचा दाखला देऊन दुष्काळ चालू ठेवणं हा कसला न्याय?

दुसरा मुद्दा व्यसनाचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीराला त्याची सवय होते. अचानक थांबवलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता, अंगदुखी सुरू होते. म्हणून ते पायरी-पायरीनं कमी करायचं असतं. स्टिरॉइडच्या गोळ्याही अशाच उतरवाव्या लागतात, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही औषधाचीच ओढ लागणं, खोटं बोलून जास्त मिळवणं, वेदनेशी संबंध नसताना घेत राहणं. नीट देखरेखीखाली असलेल्या कर्करोगाच्या रुग्णात हे क्वचित घडतं. कधीच घडत नाही असं मी म्हणणार नाही. घरात किंवा रुग्णाच्या पूर्वायुष्यात दारूचं वा अन्य व्यसन असेल तर धोका वाढतो, आणि डॉक्टरनं ते आधी विचारायलाच हवं. तसं असेल तर एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि भेटी वाढवाव्यात. कळा मात्र सोसायला लावू नयेत.

याचा पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. केरळात कालिकतला १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. तिथल्या केंद्रातून दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना पोटातून घ्यायचं मॉर्फिन दिलं गेलं, बहुतेकांना घरी घेण्यासाठी. त्यात गैरवापराचा किंवा औषध बाहेर वळवल्याचा एकही प्रकार आढळला नाही, असं या गटानं २००१मध्ये लॅन्सेटमध्ये नोंदवलं. ही माणसं आपल्यासारखीच होती. कौलारू घरांत राहणारी, मजुरी करणारी.

तिसरा मुद्दा, खेड्यातल्या माणसांना हे जमणार नाही. मला सर्वांत जास्त राग याचा येतो. नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटो पिकवणारा शेतकरी पंपाला किती मिली औषध घालायचं, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, बाटलीवरचा लाल त्रिकोण काय सांगतो आणि ती पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुठे ठेवायची, हे सगळं सांभाळतो. ज्या घरात हे भान आहे, त्या घराला दोन गोळ्यांचं वेळापत्रक पाळता येणार नाही हे कशावरून ठरवलं? पाळता येतं, त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

काय समजावून सांगायचं, तेही इथे स्पष्ट लिहितो. मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास पुरते. रुग्णाची रोजची गरज आधी या साध्या गोळीनं शोधायची, मगच संथ गोळीवर जायचं. समजा, दर चार तासांनी दहा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे दिवसाला साठ. मग डॉक्टर तीस मिलिग्रॅमची संथ गोळी सकाळी एक, रात्री एक अशी देऊ शकतात. पहाटे दोनला उठून गोळी घ्यायची गरज राहत नाही. रुग्ण झोपतो आणि त्याच्याजवळ बसलेलं माणूसही झोपतं. दूरच्या वाडीवर हा मोठाच दिलासा असतो. अधूनमधून कळ उसळलीच तर त्यासाठी साधी गोळी वेगळी दिलेली असते, साधारण दिवसाच्या मात्रेच्या एक षष्ठांश. संथ गोळी घड्याळावर घ्यायची, दुखेल तेव्हा नाही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

आणि इथेच आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका आहे, ज्याबद्दल विरोध करणारे बोलत नाहीत. तंबाखू-चुना आणि मिश्री यांमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. त्या रुग्णाचं तोंड उघडत नाही, गिळताना घशात आग होते, पुढे नाकातून नळी घालावी लागते. अशा वेळी घरचं माणूस काय करतं? खलबत्त्यात गोळी कुटतं आणि दुधात कालवून देतं. प्रेमानंच देतं. पण ती संथ सुटणारी गोळी असेल, तर बारा तासांत झिरपायचं औषध थोड्याच वेळात रक्तात उतरतं आणि श्वास मंदावतो. म्हणून एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी कुटायची नाही, चावायची नाही, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय मोडायची नाही, नळीतून द्यायची नाही. गिळता येत नसेल तर साधी गोळी कुटून देता येते, किंवा कातडीवर लावायची फेंटानिलची पट्टी असते. गिळण्याचा त्रास सुरू झाला की लगेच कळवा, हे रुग्णाच्या घरी पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. हे एक वाक्य सांगायला कोणतंही मोठं रुग्णालय लागत नाही.

पट्टीचेही नियम आहेत. ती बहात्तर तास चालते आणि ज्यानं आधी अशी औषधं घेतलेलीच नाहीत त्याला लावायची नसते. उष्णतेनं तिच्यातलं औषध वेगानं आत जातं. म्हणून थंडीत शेकोटीजवळ बसताना ती तापू द्यायची नाही, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, आणि ताप चढला तर डॉक्टरांना विचारायचं. काढलेल्या पट्टीतही औषध उरतं. ती चिकट बाजू आत करून दुमडायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी नष्ट करायची.

उरलेलं थोडक्यात. दारू पूर्ण बंद. काही संथ औषधं दारूबरोबर एकदम मोकळी होतात आणि दोन्ही मिळून श्वास दाबतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगायचा, कारण मॉर्फिनचे अंश शरीरात साठत जातात. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठ औषध चालू असेपर्यंत राहतो. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवं. गोळ्या कुलपात ठेवायच्या, मोजून ठेवायच्या, शेजाऱ्याच्या कंबरदुखीला उसन्या द्यायच्या नाहीत. रुग्ण हाक मारून आणि हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, घशात विचित्र घरघर असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची मात्रा न देता १०८ला फोन करायचा. नॅलॉक्सोन हे उताऱ्याचं औषध काम करतं, पण त्याचा परिणाम संथ गोळीच्या आधी ओसरतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी काही काळ रुग्णालयातच ठेवावा लागतो.

एवढे नियम एका पानावर मावतात, तेही मोठ्या अक्षरांत. आशाताई ते घरी जाऊन वाचून दाखवू शकतात.

चौथा मुद्दा कायद्याचा. तो एकेकाळी खरा होता. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५मध्ये आला; अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांचा तुरुंगवास होता आणि रुग्णालयांना राज्याराज्यांत चार-पाच परवाने गोळा करावे लागत. डॉक्टर आणि दुकानदार या भानगडीतून दूर झाले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ ते १९९७ या काळात ९७ टक्क्यांनी घसरला. हे त्या देशात घडलं, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि ती परदेशी विकली जाते.

पण संसदेनं २०१४मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही सहा औषधं पुढे 'आवश्यक' म्हणून जाहीर झाली आणि २०१५च्या नियमांनी देशभर एकच पद्धत लावली. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यता घेता येते. साठ्याची नोंद ठेवायची आणि वर्षाचा अंदाज कळवायचा. हे जाचक नाही. लस सांभाळणाऱ्या केंद्रालाही रोजच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तेव्हा कायद्याची ढाल आता पुढे करू नये.

एका बाबतीत मात्र मी विरोधकांच्याही पुढे जाईन. कडकपणा हवाच, पण योग्य जागी. कंबरदुखी, गुडघेदुखी, ऊसतोडणीनं आंबलेलं अंग यांसाठी ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या संथ गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणं चूक आहे. ही औषधंही अफूवर्गीय औषधांसारखंच काम करतात, सवय लावतात, श्वास दाबतात. ट्रॅमाडॉल २०१८मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, टॅपेंटाडॉल तेव्हा त्यात नव्हतं. फेब्रुवारी २०२५मध्ये बीबीसीनं उघड केलं, की टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या महाराष्ट्रात तयार होऊन पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात आहेत. त्यानंतर केंद्र आणि राज्याच्या औषध प्रशासनानं कारखान्यावर छापा घातला आणि त्या मिश्रणाची निर्यात थांबवली गेली. नशेचा बाजार इथे आहे. तो जबड्याच्या कर्करोगानं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या उशाशी नाही. 'मॉर्फिन' ऐकून दचकणाऱ्यांनी आपल्या घरातली पाठदुखीची पाकिटं आधी तपासावीत आणि डॉक्टरांना विचारावं, की यात काय आहे आणि हे किती दिवस घ्यायचं.

काय व्हायला हवं, ते सांगतो. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय आणि घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर इथली ग्रामीण रुग्णालयं, यांतल्या प्रत्येक ठिकाणी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, मान्यता आणि साध्या व संथ अशा दोन्ही मॉर्फिनचा अखंड साठा हवा. साठा मध्येच तुटणं हाही धोकाच आहे, कारण अचानक थांबलेलं औषध रुग्णाला वेदनेत आणि शरीराच्या त्रासात एकदम लोटतं. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना दोन दिवसांचं प्रशिक्षण हवं. रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर हवा. नॅलॉक्सोन तातडीच्या कक्षात हवं. आणि रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत घेऊन नोंदीसह नष्ट करायची पद्धत हवी. दुःखात असलेल्या घराला त्या कुठे टाकायच्या हे सुचणार नाही. केरळनं उपशामक उपचारांचं धोरण २००८मध्ये केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. आपल्या ग्रामपंचायतींना हे अवघड नाही.

यातलं काहीही नसताना संथ गोळी घरी पाठवू नये, असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी सहमत आहे. देखरेखीशिवाय हे औषध देणं चूकच. पण ही उणीव रुग्णानं निर्माण केलेली नाही, आणि तिची शिक्षा त्याला देता येत नाही. तालुक्यात प्रशिक्षित डॉक्टर नाही, म्हणून मॉर्फिन नको. मॉर्फिन येत नाही, म्हणून डॉक्टरला प्रशिक्षण नको. हे चक्र कोणी तरी तोडायला हवं. ते जिल्हा शल्यचिकित्सकांनी तोडावं, जिल्हा परिषदेनं तोडावं आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला गावानं त्याबद्दल विचारावं.

ज्यांना हे औषध गावात नको आहे, त्यांच्यावर एक जबाबदारी पडते. कर्करोगानं हाड पोखरलेल्या माणसाला आज रात्री दुसरं काय द्यायचं, हे त्यांनी सांगावं. त्यांच्याजवळ याहून चांगलं उत्तर असेल तर ते मांडावं. मी ते आनंदानं स्वीकारीन. नसेल, तर त्यांनी या व्यवस्थेच्या आड येऊ नये. ती नीट चालते का, यावर नजर ठेवायला त्यांनी आमच्याबरोबर उभं राहावं. त्यांच्या सावधपणाची तिथे खरोखर गरज आहे.